फेसामागचं विष

लहानपणी गुडघा फुटला की कपाटातली तपकिरी बाटली निघायची. हायड्रोजन पेरॉक्साइडचा बोळा टेकताच जखमेवर पांढरा फेस यायचा आणि आई म्हणायची, "बघ, जंतू मरतायत." फेस यायचा तो मात्र आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटालेज या विकरामुळे. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकणं हेच त्याचं काम. हे विष पेशीच्या ओळखीचं आहे, कारण ती ते स्वतःच बनवते. आपल्याला हे कळायला मात्र फार वेळ लागला.

फ्रान्समध्ये थेनार यांनी 1818 मध्ये पेरॉक्साइड शोधलं. कॅटालेजला नाव मिळालं 1900 च्या सुमारास. पण पेशीत पेरॉक्साइड बनतं ते प्राणवायूपासून, आणि ज्या प्राणवायूवर जगतो त्यालाच दोष कोण देणार? 1954 मध्ये रिबेका गर्शमन आणि सहकाऱ्यांनी तो दिला: ऑक्सिजनचा अतिरेक आणि क्ष-किरण पेशीला एकाच वाटेने इजा करतात, मुक्त मूलकांच्या, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या चंचल कणांच्या. दोन वर्षांनी डेनहॅम हरमन यांनी म्हातारपणही त्याच मूलकांच्या खात्यावर टाकलं.

खरी कलाटणी 1969 ची. गाईच्या रक्तातलं तांबेयुक्त, निळसर-हिरवं एक प्रथिन 1938 पासून माहीत होतं. ते तांब्याचा साठा असावं, असा समज होता. ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी त्याचं खरं काम दाखवलं. श्वसनाच्या साखळीतून निसटलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटला की सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक तयार होतं. हे प्रथिन त्याचं पेरॉक्साइड करतं, आणि पुढचं काम कॅटालेज उरकतं.

मग 1973 मध्ये बर्नार्ड बेबियर यांच्या गटाला दिसलं, की जंतू मारायला पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड मुद्दाम बनवतात. पुढे कळलं, की अल्प पेरॉक्साइड पेशीत निरोप्याचंही काम करतं.

बाजाराने मात्र 'विष आहे, तर पुसून टाका' एवढंच ऐकलं आणि मूलकं पुसणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या विकल्या. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल 1994 मध्ये आला: बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त!

आता डॉक्टर जखम साध्या पाण्याने धुवायला सांगतात, कारण पेरॉक्साइड भरून येणाऱ्या पेशींनाही भाजतं. बाटलीत ते 3 टक्के असायचं. पेशीत त्याहून लाखो पटींनी विरळ असतं, आणि तेवढं ती राहू देते.