साधा कॅमेरा निवडतांना

प्रतिवर्षीं सहलीची सूचना फलकावर लागली म्हणजे दोन-चार दिवसांच्या आंतच कोणी ना कोणी पालक आम्हांस फाटकापाशीं गांठून विचारतात, "सर, मुलासाठीं लहानसा कॅमेरा घ्यावयाचा आहे, कोणता घेऊं?" सहलीस मोबाईल नेण्यास आमच्या शाळेंत मनाई आहे, कॅमेऱ्यास नाहीं, तेव्हां हा प्रश्न साहजिकच आहे. आजवर आम्ही उभ्या उभ्या कांहींतरी उत्तर देऊन मोकळे होत असूं. परंतु गतवर्षींच्या स्नेहसंमेलनानंतर एका विद्यार्थिनीचे वडील आमच्याकडे आले. शिवणकाम करून संसार चालविणारे हे गृहस्थ. पुष्कळ महिन्यांच्या शिलकेंतून घेतलेला नवा कोरा कॅमेरा त्यांनीं आमच्या मेजावर ठेविला व म्हणाले, "दुकानदारानें सर्वांत मोठा आंकडा पाहून दिला, वीस मेगापिक्सेलचा आहे, पण मुलीच्या नाचाची एक छबी धड नाहीं." आम्हीं पाहिलें तों खरोखरच रंगमंचावर मुलींच्या जागीं रंगीत धुराचे लोट दिसत होते. कॅमेरा बिघडलेला नव्हता. त्याच्याकडून जें होण्यासारखें नव्हतें तें त्यांनीं मागितलें होतें, आणि तें कोणीं त्यांस आधीं सांगितलें नव्हतें, एवढेंच. म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतों. ज्यांच्या घरीं बरासा मोबाईल आहे त्यांनीं केवळ घरांतल्या छबींसाठीं स्वस्तांतला कॅमेरा घेऊं नये. आजचे मोबाईल एका क्षणांत अनेक छबी घेऊन त्यांतून एक चांगली छबी गणितानें जुळवितात. स्वस्त कॅमेऱ्यास तें साधत नाहीं. कॅमेऱ्याची खरी गरज निराळ्या ठिकाणीं आहे: मुलांच्या हातीं मोबाईल द्यावयाचा नसेल तेथें, पाऊस, पाणी व धूळ असेल तेथें, आणि दूरची वस्तु जवळ आणून पाहावयाची असेल तेथें.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाहीं. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करून तें क्रमानें वाचणारी एक चकती शोधिली; त्याबद्दल त्यांस २००९ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या चकतीच्या जोरावर ईस्टमन कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें १९७५ सालीं पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें वजन सुमारें साडेतीन किलो होतें, आणि एक छबी कॅसेटच्या फितीवर उतरावयास तेवीस सेकंद लागत! पुढें हेंच यंत्र खिशांत मावूं लागलें. २०१० सालीं जगांत सर्व प्रकारचे मिळून बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ सालीं ती संख्या ऐंशी लाखांच्याही खालीं आली होती. मोबाईलनें हा धंदा खाल्ला. परिणामीं दुकानांत साध्या कॅमेऱ्यांचे नमुने मोजकेच दिसतात, व पुष्कळांस जुन्या बाजारांत शोध घ्यावा लागतो. त्याविषयीं पुढें सांगूं.

आतां त्या मेगापिक्सेलविषयीं, कारण फसगत होते ती बहुधा येथेंच. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष बिंदु. स्टुडिओंतून आपण जो सहा इंच बाय चार इंचांचा नेहमींचा फोटो छापून आणतों, त्यास इंचाला ३०० बिंदु धरले तरी १८०० गुणिले १२०० म्हणजे २१ लक्ष ६० हजार बिंदु लागतात. सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धां नाहींत. मोठ्या ए-फोर कागदास सुमारें ८७ लक्ष पुरतात. म्हणजे दहा-बारा मेगापिक्सेलच्या पलीकडील आंकडा सामान्य कुटुंबाच्या उपयोगास क्वचितच येतो. (सातवीच्या विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा व दुकानांत वडिलांच्या शेजारीं उभें राहावें.)

मग छबी चांगली कशानें येते? भिंगामागील त्या चकतीच्या, म्हणजे सेन्सरच्या, आकारानें. पावसाळ्यांत पागोळ्यांखालीं आपण भांडीं मांडतों. जागा तेवढीच ठेवून बारा तपेल्यांऐवजीं वीस वाट्या मांडल्या, तर पाणी कांहीं अधिक सांचत नाहीं. प्रत्येक भांड्याच्या वांट्यास मात्र कमी येतें. प्रकाशाचेंही असेंच आहे. साध्या खिशांतल्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारें ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षांही लहान. त्याहून महाग कॅमेऱ्यांत "एक इंची" म्हणून जो सेन्सर असतो तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. क्षेत्रफळ काढल्यास दुसरा पहिल्याच्या चौपट येतो. (तो कोणत्याही बाजूनें एक इंच नाहीं! हें नांव दूरदर्शनच्या जुन्या कांचनळ्यांच्या मापावरून चिकटलें आहे.) भिंगावर "एफ" अक्षरापुढें जो अंक छापलेला असतो तोही पाहावा. तो जितका लहान तितका प्रकाश अधिक. एफ २ चें भिंग एफ ४ च्या चौपट प्रकाश आंत घेतें. संध्याकाळच्या सभागृहांत नाचणारी मुलगी टिपावयाची असेल तर हे दोन आंकडे मेगापिक्सेलपेक्षां शतपट महत्त्वाचे आहेत.

झूमविषयीं थोडक्यांत. "ऑप्टिकल" झूम म्हणजे भिंगें सरकून वस्तु खरोखर जवळ येते. "डिजिटल" झूम म्हणजे छबीचा मधला तुकडा कातरून ताणलेला. दुसरा हिशेबांतच धरूं नये. चार-पांचपट ऑप्टिकल झूम घरास व सहलीस पुरतो. हात हलल्यास सांवरणारी योजना असली तर अवश्य घ्यावी. मात्र ती आपला हात सांवरते, धांवणारें मूल नव्हे.

सहलीसाठीं म्हणून घेतांना आणखी विचार करावा लागतो, आणि येथें आमची स्वतःची फजिती सांगणें भाग आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर मुलांचा घोळका टिपतांना आमच्या हातून कॅमेरा कोरड्या वाळूंत पडला. पडला तो अवघा हातभर उंचीवरून. परंतु भिंगाची पुढें येणारी नळी त्या वेळीं उघडी होती. कर्र असा आवाज झाला, नळी अर्ध्यावर अडकली, ती पुन्हां आंत गेली नाहीं. दुरुस्तीचा आंकडा ऐकून आम्हीं तो तसाच कपाटांत ठेविला आहे. विज्ञानाच्या तासास उघडून दाखवावयास बरा पडतो. अशा जागांसाठीं नळी बाहेर न येणारे दणकट कॅमेरे निघतात. उदाहरणार्थ, २०२३ सालीं निघालेला ओएम सिस्टमचा टीजी-७ हा बारा मेगापिक्सेलचाच कॅमेरा पाण्यांत १५ मीटरपर्यंत, २.१ मीटरवरून पडल्यास, व उणें १० अंश थंडींतही टिकेल असा बनविलेला आहे. आणि त्याचें भिंग एफ २ चें आहे. किंमत साध्या कॅमेऱ्याहून बरीच अधिक पडते. ज्या घरांत पोहणें, डोंगर चढणें व मासेमारी नित्याची आहे त्यांसच ती परवडावी. तरीही त्याच्या झांकणाच्या रबरावर वाळूचा एक कण किंवा केंस राहिला तरी पाणी आंत शिरतें, आणि समुद्रांतून काढल्यावर तो गोड्या पाण्यांत धुवावाच लागतो.

जुना कॅमेरा घेणारांनीं तीन गोष्टी दुकानांतच पाहाव्या. भिंग उजेडाकडे धरून आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते काय तें पाहावें. आपल्या पावसाळी हवेंत बंद कपाटांतील भिंगांस ती हमखास धरते. दुसरें, त्यास कोणतें कार्ड लागतें? साधें एसडी असल्यास ठीक. पण २००२ पासून कांहीं वर्षें ऑलिंपस व फुजीफिल्म यांनीं एक्सडी नांवाचें निराळें कार्ड वापरलें. तें आतां बनत नाहीं, व जुनें सांपडलें तरी महाग पडतें. तिसरें, बॅटरी फुगलेली नाहीं ना, व तशीच दुसरी मिळते काय, हें विचारावें. या बाबतींत पेन्सिल सेलवर चालणारा जुना कॅमेरा आम्हांस अधिक आवडतो, कारण ते सेल गडाच्या पायथ्याच्या टपरींतही मिळतात.

हातीं आल्यावर सर्वांत उपयोगी संवय म्हणजे कळ आधीं अर्धी दाबणें. तेवढ्यांत कॅमेरा अंतर व उजेड ठरवून घेतो. मग योग्य क्षणीं ती पूर्ण दाबली कीं छबी लागलीच उठते. एकदम दाबणाराची छबी अर्धा क्षण मागें राहते, आणि लांब उडी मारणारा मुलगा चौकटींतून निघून गेलेला असतो! फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरच पोंचतो. स्नेहसंमेलनांत मागील रांगेंतून फ्लॅश उडविणाऱ्या पालकांस पुढल्या रांगेंतील टकलांचेच उत्तम फोटो मिळतात, हें आम्ही कित्येक वर्षें पाहत आलों आहों.

एक गोष्ट कॅमेऱ्याची नव्हे, आमची आहे. आमच्या मातोश्री गेल्या त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत अंगणांत कैऱ्या चिरतांना आम्हीं त्यांच्या आठ-दहा छबी घेतल्या होत्या. त्या कार्डांतच राहिल्या. पुढें एका कार्यक्रमासाठीं कार्ड रिकामें करावयाचें म्हणून आम्हींच कळ दाबून तें पुसलें. रोलच्या काळीं ३६ छबींचे पैसे मोजावे लागत म्हणून तरी आपण त्या धुवून आणीत असूं. तेव्हांपासून आमच्या घरीं नियम आहे: परत आल्या दिवशींच छबी दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरावयाच्या, आणि वर्षाकांठीं दहा-बारा कागदावर छापून घ्यावयाच्या.

त्या शिवणकाम करणाऱ्या गृहस्थांचा कॅमेरा दुकानदारानें परत घेतला नाहीं. आम्हीं त्यांस एवढेंच शिकविलें कीं, झूम न वापरतां रंगमंचाजवळ जावें, फ्लॅश बंद करावा, कॅमेरा बांकाच्या पाठीवर टेकवावा, आणि नाचांत मुली क्षणभर थबकतात तो ताल ओळखून कळ दाबावी. भर उन्हांत तर तो कॅमेरा उत्तमच चालतो. यंदाच्या रायगडच्या सहलीस त्यांची मुलगी तो घेऊन आली होती. या अंकांत महादरवाजाचें जें छायाचित्र आहे तें तिनेंच काढलेलें आहे.