पहिलाच ट्रेक करताय? गड नंतर निवडा, आधी परतीची वेळ ठरवा

पावसाळा सरला की मोबाइलवर वासोट्याचे व्हिडीओ फिरू लागतात. शिवसागर जलाशयातली बोट, दाट जंगल, समोर तुटलेला बाबूकडा. पाहणाऱ्यालाही वाटतं, येत्या रविवारी आपणही निघावं. पण ज्यांनी आजवर एकही गड पायी चढलेला नाही, त्यांनी सुरुवात वासोट्यापासून करू नये. का? आणि मग कुठून करावी?

वासोटा पहिला का नको?

वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजेच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. बामणोलीहून वन विभागाची परवानगी, मग सुमारे दीड तास बोट आणि त्यानंतर जंगलातली चढाई. गडावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत बोटीवर परतावंच लागतं. पावसाळ्यात तर प्रवेशच बंद असतो. मध्येच पाय मुरगळला किंवा दम संपला, तर गाडी पोहोचेल असा रस्ता नाही आणि मोबाइलच्या रेंजचाही भरवसा नाही. एकाला उशीर झाला की अख्खी बोट खोळंबते. चांदोलीच्या जंगलातला प्रचितगडही याच कारणासाठी नंतरचा.

मग सुरुवात कुठून?

जिथून कधीही मागे फिरता येतं, तो गड पहिला.

• अजिंक्यतारा: १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, त्या राजधानीचा हा गड. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३३०० फूट असली, तरी शहरापासूनचा प्रत्यक्ष चढ हजार फुटांच्या आतबाहेर आहे. वरपर्यंत गाडीरस्ता आहे आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची सोबत असते.

• सज्जनगड: गाडीतळापासून पायऱ्या. समर्थ रामदासांच्या समाधीमुळे भाविकांची वर्दळ असते, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही.

• दंडोबा आणि मच्छिंद्रगड: सांगलीकरांसाठी मिरज तालुक्यातला दंडोबा डोंगर आणि वाळवा तालुक्यातला मच्छिंद्रगड जवळचे. दोन्हीकडे देवस्थान आहे, त्यामुळे वाट रुळलेली असते.

• वसंतगड: दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेकसाठी. पायथ्याला सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं तळबीड, वर चंद्रसेनाचं मंदिर आणि तळी.

वेळ कशी काढायची?

जगभरचे गिर्यारोहक १८९२ पासून एक साधा हिशेब वापरतात. सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा, जाऊन-येऊन ६ किलोमीटर चालायचं आहे आणि चढ ३०० मीटर आहे. हिशेब होतो साधारण पावणेदोन तासांचा. नवख्यांनी त्यात निम्मा वेळ वाढवून अडीच-पावणेतीन तास धरावेत. खाणं, फोटो आणि विश्रांती वेगळी.

आता उलटं मोजा. सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पायथ्याला यायचं, तर मागे कधी फिरावं लागेल? ती वेळ निघण्यापूर्वीच ठरवा आणि सोबतच्या सगळ्यांना सांगा. घड्याळात ती वेळ झाली की माथा समोर दिसत असला तरी फिरायचं. चढून थकलेले पाय उतारावर घसरतात, गुडघ्यांवर भारही उतरतानाच जास्त येतो. त्यात अंधार आणि घाई नको.

दम पुरेल का, कसं ओळखाल?

चढताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग बरोबर आहे. शब्द तुटू लागले की वेग कमी करा. गटाचा वेग सगळ्यात मागे असलेल्याच्या पायांवर ठरवा.

पाठपिशवीत काय?

माणशी दोन ते तीन लिटर पाणी, चपाती-भाजी, गूळ-शेंगदाणे, टॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज आणि रोजची औषधं. पायात खाचदार तळव्याचे, आधी वापरून सैल झालेले बूट. नवे कोरे बूट पहिल्याच दिवशी टाचेला फोड आणतात. कडेकपारीत आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा.

अडचण आली तर?

कुठे चाललो आणि कधी परतणार, हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून जा. संकटात ११२ वर फोन करा. महाबळेश्वर ट्रेकर्ससारखी स्वयंसेवकांची पथकं दरीत उतरून लोकांना वर काढतात, पण त्यांनाही घटनास्थळी पोहोचायला वेळ लागतो. तोवर जागा सोडू नका.

वासोटा मग कधी?

तीन-चार गड झाल्यावर स्वतःलाच विचारा: ठरवलेल्या वेळेत उतरलो का? बाटलीत पाणी उरलं होतं का? दुसऱ्या दिवशी कामावर नीट जाता आलं का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील, तर बामणोलीच्या बोटीत खुशाल बसा.