पर्यायी कुटुंब – लेखांक ५ : प्रतिपालक कोणाला होता येते?

मागील लेखांकात पाहिलेल्या दत्तकविधानात मूल जन्मदात्या कुटुंबापासून कायमचे विलग होऊन दत्तक कुटुंबाचे होते; प्रतिपालकत्वात, म्हणजे ‘फॉस्टर केअर’ या नावाने अधिक ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत, तसे घडत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार, निवडलेल्या, पात्र ठरवलेल्या आणि देखरेखीखाली असलेल्या परक्या कुटुंबात बाल कल्याण समितीने मुलाला संगोपनासाठी ठेवणे, म्हणजे प्रतिपालकत्व होय. मराठीत आईवडिलांना ‘पालक’ म्हणतात, आणि या शब्दात जन्म देण्याचा नव्हे, तर पाळण्यापोसण्याचा अर्थ आहे. ही पात्रता तपासताना कायदाही नेमके तेच पाहतो.

पात्रतेचा मोजता येणारा भाग समजण्यास सोपा आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केवळ विवाहित जोडप्यांनाच प्रतिपालक होता येत असे. २०२४ च्या सुधारित सूचनांनी अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित आणि कायदेशीररीत्या विभक्त व्यक्तींनाही हे दार उघडले. एकट्या स्त्रीकडे मुलगा किंवा मुलगी यांपैकी कोणालाही सोपवता येते. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी दिली जात नाही. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षे स्थिर असावा लागतो आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान ७० असावी लागते. एकट्या व्यक्तीचे वय किमान ३५ असावे लागते. कमाल मर्यादा सहा ते बारा वर्षांच्या मुलासाठी ५५, तर त्याहून मोठ्या मुलासाठी ६० अशी आहे. बालगृहात राहणारी, ज्यांना भेटायला कोणीच येत नाही किंवा ज्यांचे पालक सांभाळ करण्यास अयोग्य ठरले आहेत अशी सहा वर्षांवरील मुले या व्यवस्थेत प्रामुख्याने येतात, आणि अशा मुलाने सोसलेले पाहता ही वयाची अट जाचक म्हणता येणार नाही.

उरलेल्या अटी घराच्या आहेत. कुटुंबाचे उत्पन्न मुलाच्या गरजा भागवण्याइतके असावे, घरात पुरेशी जागा असावी, कोणावरही गुन्हा सिद्ध झालेला नसावा, आणि घरात राहणाऱ्या सर्वांची एचआयव्ही, क्षयरोग व हिपॅटायटिस-बी यांच्या चाचण्यांसह वैद्यकीय तपासणी झालेली असावी, असे २०१६ च्या आदर्श नियमांत म्हटले आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी आणि मित्रपरिवाराशी कुटुंबाचे संबंध चांगले असावेत, हीही त्यांतलीच एक अट आहे, आणि ज्याने ती लिहिली त्याला मूल एकट्या घरात नव्हे, तर आळीत वाढते याची पक्की जाण असली पाहिजे. ‘मिशन वात्सल्य’ योजनेतून दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य मिळण्याची तरतूद आहे खरी, परंतु ती रक्कम मुलाच्या संगोपनासाठी आहे, घरखर्च चालवण्यासाठी नव्हे. म्हणूनच उत्पन्नाची अट वेगळी घातलेली आहे.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष गृहभेट देऊन कुटुंबाची पाहणी करतो तेव्हा यांपैकी बहुतेक गोष्टी कागदपत्रांवरून कळतात. ज्या कागदांवरून कळत नाहीत त्याच निर्णायक असतात. पती आणि पत्नी या दोघांचीही त्याच मुलाला सांभाळण्याची इच्छा असावी लागते. एकाच्या हौसेपोटी दुसऱ्याने दिलेला होकार पुरेसा नाही. कुटुंबाची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव हे कलम ४४ मधील निवडीचे निकष आहेत, आणि त्यांपैकी हेतू पारखणे सर्वांत कठीण आहे, कारण अपत्याच्या ओढीने आलेले दांपत्य प्रेमात कुठेही कमी नसूनही या कामासाठी अयोग्य ठरू शकते. समितीने दरमहा घरी येऊन मुलाची विचारपूस करावी, मुलाच्या हिताला बाधा नसेल तर जन्मदात्यांना त्याला भेटू द्यावे, आणि ते सांभाळण्यास योग्य ठरल्यावर मूल त्यांच्याकडे परत जावे, अशी कायद्याचीच योजना आहे. प्रतिपालकाला या सर्वांना संमती देणाऱ्या करारावर आधीच सही करावी लागते. ज्याला दरमहाची तपासणी अपमान वाटते किंवा मुलाच्या आईचे दारात येणे सहन होत नाही, त्याने ती सही करू नये.

मूल परत जाण्याची शक्यताच उरली नाही आणि ते कायद्याने दत्तक देण्यास मुक्त ठरले, तर दोन वर्षे सांभाळल्यानंतर त्याच कुटुंबाला त्याला दत्तक घेता येते. २०२४ पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. तथापि हा मार्ग मनात धरूनच अर्ज करणाऱ्या कुटुंबाला त्याचे हे गणित गृहभेटीतच स्पष्टपणे विचारले गेले पाहिजे.