रिकामी मात्रा

ढोल-ताशा पथकात नाव घातलं की लगेच ढोल कमरेला लागणार, असं नव्या पोरांना वाटतं. आधी वाट्याला येतात त्या टाळ्या. वाद्यपूजन झालं की गणपतीपर्यंतचे दीड-दोन महिने पुण्यात मुठेच्या काठाला रोज संध्याकाळी सराव चालतात. त्यातल्या एका पथकाच्या सरावाला मी अधूनमधून जाऊन बसत होतो. पत्र्याची शेड, बाहेर चिखल, आत कॉलेजची मुलं-मुली, काही नोकरदार आणि पन्नाशीच्या एक बाई. तालाचं शिक्षण जवळजवळ कुणालाच नाही. एवढ्या दिवसांत यांच्याकडून भर रस्त्यात वाजवून घ्यायचं, तर वाजवायचं ते त्याच बेतानं बांधलेलं हवं.

आणि ते तसं असतं. ढोलाच्या एका पानावर टिपरू पडतं, दुसऱ्यावर उघड्या तळहाताची थाप. थापेचा आवाज खर्जातला, घुमणारा, टिपऱ्याचा टणक. नव्या ढोलवाल्याच्या पदरात हे दोनच आवाज. बारीक काम सगळं ताशाकडे. धातूच्या भांड्यावर ताणलेलं पान आणि दोन बारीक काड्या एवढ्यावर ताशेवाला मात्रांमधल्या जागा भरून काढतो. त्यामुळे ढोल मोजकंच बोलला तरी ठेका भरलेला वाटतो, आणि एखादा नवखा चुकला तरी ताशाच्या कडकडाटात खपून जातो. ताशा म्हणूनच सहसा मुरलेल्या हातांत असतो. ज्यानं कुणी ही वाटणी पहिल्यांदा केली, त्याला शिकाऊ माणूस चांगला कळला होता.

पहिला हात, म्हणजे वाजवायचा पहिला ठेका, सोपा होता. चार मात्रा, पहिलीला थाप, उरलेल्या तिन्हींना टिपरू. तासाभरात सगळ्यांना जमला. दुसऱ्या हातात फरक एवढाच, की तिसरी मात्रा रिकामी. इथे सगळं कोसळलं. कुणी रिकाम्या जागी टिपरू हाणतंय, कुणी ती जागा गिळून चौथी मात्रा आधीच वाजवतंय. वाजवायचं नाही तेव्हा हाताचं करायचं काय, हे कुणालाच कळेना. शिकवणारा दादा ओरडला नाही. त्यानं ढोल खाली ठेवायला लावले आणि टाळ्यांवर आणलं. तिसऱ्या मात्रेला टाळी नाही, पण सगळ्यांनी मोठ्यानं ‘हं’ म्हणायचं. पाच मिनिटं शेडमध्ये नुसत्या टाळ्या आणि हुंकार. मग ‘हं’ मनात म्हणायला सांगितलं. मग ढोल. आता ती जागा खरोखर रिकामी राहिली, आणि पुढची थाप जी काय बसली! त्या बाईंनी कानातला कापूस काढून शेजारणीकडे पाहिलं, नीट बसवला आणि पुन्हा टिपरू उचललं. त्यांच्या अंगठ्याला तोवर चिकटपट्टी लागली होती.

एकत्र वाजवण्यातली खरी अडचण मात्र बाहेर रांगा लागल्यावर कळते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रांग पस्तीसेक मीटर लांब असेल, तर पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. त्यानं तो ऐकून वाजवलं, की त्याचा आवाज पुढे यायला तेवढाच वेळ आणखी. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्यातला पाचवा हिस्सा गेला तरी ठेका फाटल्यासारखा ऐकू येतो. म्हणून मागच्यांनी कानावर नाही, डोळ्यावर वाजवायचं: पुढच्याचा हात वर गेला की आपला वर. संगीत शिकायला आलेल्याला ‘ऐकू नकोस, बघ’ सांगावं लागतं, ही गंमतच.

पथक किती मोठं असावं, याचं उत्तरही मला यातच दिसतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या पथकांना ३० जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी सप्टेंबरात तिला स्थगिती दिली. वाद आवाजाचा होता, आणि रस्त्यालगत राहणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. पण आवाज बाजूला ठेवला तरी शेकड्यांनी ढोल लावणाऱ्या पथकांपेक्षा आटोपशीर पथक जास्त नेटकं वाजतं, असं माझ्या कानाचं मत आहे. पथकातल्या मंडळींना ते पटत नाही. संख्येचा एक कैफ असतो, आणि नवी मुलं बऱ्याचदा त्यासाठीच येतात.

शेवटच्या आठवड्यात चालत वाजवण्याचा सराव. उभ्यानं पाठ झालेला हात, पाय उचलताच विसरतो. ढोल मांडीवर आपटतो, पाऊल मात्रेशी भांडतं. दादानं मग रांगा नव्यानं लावल्या. कडेला जुने वादक, मध्ये नवे, म्हणजे डावीकडे-उजवीकडे कुठेही पाहिलं तरी बरोबर पडणारा हात दिसेल. रिकामी मात्रा अजूनही भरणाऱ्या एका मुलाला वाटलं, आपल्याला मागे टाकणार. त्याला ताशांच्या थेट मागे उभं केलं.