हृदयविकार आणि आहार

हृदयविकार टाळण्यासाठी तसेच जडलेला विकार आटोक्यात ठेवण्यासाठी आहाराचा होणारा उपयोग हा वैद्यकशास्त्र आणि पोषणशास्त्र यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे जगभरात सुमारे १ कोटी ७९ लाख मृत्यू झाले. एकूण मृत्यूंमध्ये त्यांचे प्रमाण ३२ टक्के होते. वय आणि आनुवंशिकता हे धोक्याचे घटक बदलता येत नाहीत. धूम्रपान, बैठी जीवनशैली आणि आहार हे बदलता येतात. एखादा पदार्थ खाण्या-न खाण्यापेक्षा रोजच्या जेवणाचे एकूण स्वरूप अधिक महत्त्वाचे असते आणि आहार हा औषधोपचाराला पूरक असतो, त्याचा पर्याय नसतो, असे आजचे सर्वसाधारण वैद्यकीय मत आहे.

आहाराचा हृदयावर होणारा परिणाम

हृदयाच्या स्नायूंना रक्तपुरवठा करणाऱ्या धमन्यांच्या आतील भिंतीत कोलेस्टेरॉलयुक्त थर साचून त्या अरुंद व कठीण होतात. या प्रक्रियेस धमनीकाठिण्य म्हणतात. असा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की रक्तपुरवठा खंडित होऊन हृदयविकाराचा झटका येतो. कमी घनतेचे लिपोप्रथिन (एलडीएल) हे कोलेस्टेरॉल धमन्यांपर्यंत वाहून नेते. आहारात संपृक्त मेद जास्त असल्यास रक्तातील एलडीएल काढून घेण्याची यकृताची क्षमता मंदावते व रक्तातील त्याची पातळी वाढते.

मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते व रक्तदाब वाढवते. पोटॅशियम मूत्रावाटे सोडियम बाहेर टाकण्यास साहाय्य करते. साखर आणि मैद्यासारखी परिष्कृत पिष्टमय द्रव्ये अतिप्रमाणात खाल्ल्यास रक्तातील ट्रायग्लिसराइडे वाढतात, तसेच लठ्ठपणा व मधुमेह यांचा धोका वाढतो.

संशोधनाचा इतिहास

रशियन विकृतिशास्त्रज्ञ निकोलाय अनिच्कोव्ह यांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर साचतात, हे दाखवून दिले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासातून उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल हे हृदयविकाराच्या धोक्याचे घटक असल्याचे सिद्ध झाले. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये हाती घेतलेल्या ‘सात देशांच्या अभ्यासा’त संपृक्त मेद अधिक खाणाऱ्या पूर्व फिनलंडमध्ये हृदयविकाराचे प्रमाण फार मोठे, तर ऑलिव्ह तेल, भाज्या व कडधान्ये खाणाऱ्या ग्रीसमधील क्रीट बेटावर ते अत्यल्प आढळले. या अभ्यासात केवळ पुरुषांचा समावेश होता आणि देशांची निवड यादृच्छिक नव्हती. त्यामुळे त्याच्या निष्कर्षांवर टीकाही झाली.

पुढे प्रत्यक्ष आहार बदलून चाचण्या घेण्यात आल्या. फ्रान्समधील ल्यों येथे झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत भूमध्यसागरी धर्तीचा आहार घेणाऱ्यांमध्ये पुन्हा झटका येण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सहभागींच्या विभागणीत त्रुटी आढळल्याने तो शोधनिबंध २०१८ मध्ये मागे घेऊन, फेरविश्लेषणानंतर पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला. भूमध्यसागरी आहाराबरोबर ऑलिव्ह तेल किंवा कठीण कवचाची फळे दिल्यास धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, हा मूळ निष्कर्ष जवळपास कायम राहिला.

आहारातील प्रमुख घटक

मेद : एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा संपृक्त मेदापासून मिळावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रोज २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. चहाच्या एका चमच्याएवढ्या (५ ग्रॅम) साजूक तुपात सुमारे ३ ग्रॅम संपृक्त मेद असतो. वरणभातावरील चमचाभर तूप त्यामुळे मर्यादेत बसते. तळण, मिठाई, साय आणि बेकरीचे पदार्थ यांची त्यात भर पडली की मर्यादा ओलांडली जाते. संपृक्त मेदाच्या जागी काय खाल्ले जाते, यालाही महत्त्व आहे. त्याऐवजी करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांसारखी असंपृक्त मेदयुक्त तेले वापरल्यास धोका घटतो. मैदा व साखर वाढवल्यास तसा लाभ होत नाही.

ट्रान्स मेद : वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून ते अंशतः घट्ट करताना हा मेद तयार होतो. तो एलडीएल वाढवतो आणि संरक्षक मानले जाणारे उच्च घनतेचे लिपोप्रथिन (एचडीएल) घटवतो. वनस्पती तूप हा भारतातील त्याचा प्रमुख स्रोत होता.

मीठ : प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी, मीठ खावे अशी शिफारस आहे. सैंधव मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, म्हणून त्याचा अमर्याद वापर सुरक्षित ठरत नाही.

तंतू : ओट, सातू व कडधान्ये यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना बांधून ठेवतात. नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते व त्याची पातळी उतरते. दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याची शिफारस केली जाते.

पूरक गोळ्या : ई-जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन यांच्या गोळ्यांनी हृदयविकार टळत नाही, असे मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे. अन्नातून मिळणाऱ्या पोषकद्रव्यांची जागा गोळ्या घेऊ शकत नाहीत.

डॅश आहार

रक्तदाब कमी करण्यासाठी अमेरिकेत विकसित झालेल्या या आहारात फळे, भाज्या, कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ, अखंड धान्ये व कठीण कवचाची फळे यांवर भर असतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५९ व्यक्तींवरील चाचणीत, उच्च रक्तदाब असलेल्या सहभागींचा वरचा रक्तदाब सरासरी ११ मिलिमीटरने उतरला. नंतरच्या चाचणीत मीठही कमी केल्यावर अधिक लाभ दिसून आला.

भारतीय संदर्भ

५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासानुसार दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतर प्रदेशांतील लोकांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो. त्यामुळे घरातील कमावती व्यक्ती ऐन उमेदीत आजारी पडण्याची शक्यता वाढते.

महाराष्ट्राच्या पारंपरिक आहारातील ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, कोशिंबिरी व ताक हे घटक वरील शिफारशींशी जुळणारे आहेत. लोणचे, पापड, सांडगे, सुकी मासळी व फरसाण यांतून मात्र मीठ नकळत वाढते; पापडात घातला जाणारा पापडखार हाही सोडियमचाच क्षार आहे. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून अधिक संपृक्त मेद असतो, तर शेंगदाणा तेलात तो पाचव्या हिश्श्याहून कमी असतो. उपवासाच्या पदार्थांतील साबुदाणा जवळजवळ संपूर्ण पिष्टमय असून त्यात तंतू व प्रथिने नगण्य असतात.

विकार जडल्यानंतरचा आहार

झटका येऊन गेल्यानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतरही आहाराची तत्त्वे सामान्यतः तीच राहतात. औषधांमुळे काही पथ्ये वाढतात. वॉरफरिन हे गुठळीरोधक औषध घेणाऱ्यांनी के-जीवनसत्त्वयुक्त हिरव्या पालेभाज्या वर्ज्य करण्याची आवश्यकता नसते. त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे लागते. काही स्टॅटिन औषधांबरोबर ग्रेपफ्रूट घेतल्यास औषधाची रक्तातील पातळी वाढते. पोटॅशियमयुक्त मीठ किंवा शहाळ्याचे पाणी मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना अपायकारक ठरू शकते. हृदय अकार्यक्षम झालेल्या रुग्णांनी मीठ व पाणी किती घ्यावे, हे वैद्यकीय सल्ल्यानुसार ठरवले जाते.

तपासणीत कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब कमी आढळल्यावर अनेक रुग्ण पथ्य पुरेसे आहे असे समजून औषधे परस्पर बंद करतात. ती सुधारणा बहुधा औषधामुळेच झालेली असते. झटका येऊन गेलेल्या किंवा धमनीत स्टेंट बसवलेल्या रुग्णाने गुठळीरोधक औषध अचानक थांबवल्यास ते प्राणघातक ठरू शकते.

सार्वजनिक धोरण

व्यक्तीची निवड बाजारात काय उपलब्ध आहे यावरही अवलंबून असते. फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांतात १९७२ मध्ये लोणी व मीठ कमी करणे, भाज्या वाढवणे आणि धूम्रपान सोडवणे यांसाठी व्यापक मोहीम सुरू झाली. पुढील चार दशकांत तेथील कार्यक्षम वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. या घटीत सुधारलेल्या उपचारांचाही वाटा होता. डेन्मार्कने २००३ मध्ये अन्नातील औद्योगिक ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तेले व मेदांसाठी हीच मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू केली. चीनच्या ग्रामीण भागात सुमारे २१,००० व्यक्तींवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियममिश्रित मीठ वापरल्याने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले.