पायऱ्यांनी मोजलेली हिमनदी

फ्रान्समध्ये आल्प्स पर्वतात, माँ ब्लां शिखराच्या पायथ्याशी शामोनी हे गाव आहे. तेथून दातेरी रुळावरून चढणारी एक छोटी आगगाडी प्रवाशांना १९१३ मीटर उंचीवरील माँतांव्हेर स्थानकावर नेऊन सोडते. १९०९ सालापासून ही गाडी चालू आहे. प्रवासी येथे येतात ते ‘मेर द ग्लास’ म्हणजे ‘बर्फाचा समुद्र’ पाहायला. ही फ्रान्समधील सर्वांत मोठी हिमनदी.

स्थानकापासून खाली हिमनदीकडे जाण्यासाठी १९८८ मध्ये रज्जुमार्ग बांधला गेला. त्या वेळी पाळण्यातून उतरल्यावर बर्फापर्यंत पोहोचायला केवळ ३ पायऱ्या होत्या. पुढे बर्फ खाली खाली जात राहिला, तशा पायऱ्या जोडाव्या लागल्या. तीसेक वर्षांत त्यांची संख्या ५०० च्या वर गेली. एक पायरी साधारण १७ सेंटिमीटर उंच धरली, तर ही उंची ८५ मीटर भरते. म्हणजे हिमनदीची पातळी वर्षाला सरासरी पावणेतीन मीटरहून अधिक खचली. उतरणीच्या वाटेवर ठिकठिकाणी सालांच्या पाट्या लावल्या आहेत. त्या त्या साली बर्फ कोठवर होता, हे त्या दाखवतात.

असे का झाले? हिमनदीची तुलना बँकेतील खात्याशी करता येईल. उंचावर पडणारे हिम ही जमा. ते थरावर थर साचून दाबाने बर्फ बनते आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकते. खालच्या, उबदार भागात ते वितळते, हा खर्च. जमा व खर्च सारखे असतील, तर हिमनदी वाहत असूनही तिचा आकार कायम राहतो. तापमान वाढले की दोन्ही बाजूंनी तोटा होतो. उन्हाळा लांबल्याने खर्च वाढतो आणि हिमाऐवजी पाऊस पडू लागल्याने जमा घटते. वरून येणारा बर्फाचा पुरवठा रोडावतो व खालचा भाग पातळ होत जातो.

पर्यटनावर याचे परिणाम अनेक प्रकारे होतात. येथे प्रवाशांसाठी बर्फात एक गुहा कोरतात. हिमनदी सरकत असल्याने ती दरवर्षी नव्याने कोरावी लागते. पण त्यासाठी पुरेसा जाड बर्फ मिळणे अवघड होत गेले. अखेर २०२४ मध्ये हिमनदीच्या वरच्या अंगाला नवा रज्जुमार्ग सुरू करावा लागला. धोकाही वाढला आहे. उंच कड्यांच्या भेगांतील कायम गोठलेले पाणी खडकांना सिमेंटसारखे धरून ठेवते. ते वितळले की कडे कोसळतात. माँतांव्हेरहून समोरच दिसणाऱ्या द्र्यू शिखराचा एक प्रसिद्ध सुळका २००५ मध्ये असाच ढासळला.

स्वित्झर्लंडमधील ऱ्होन हिमनदीवरही अशी गुहा आहे. तिच्याभोवतीचा बर्फ उन्हाळ्यात पांढऱ्या कापडाने झाकून ठेवतात. पांढरा रंग ऊन परावर्तित करतो, त्यामुळे वितळणे मंदावते. परंतु हा उपाय गुहेपुरता. कित्येक चौरस किलोमीटरची हिमनदी झाकणे शक्य नाही.

यात एक विसंगतीही आहे. हिमनद्या नाहीशा होण्यापूर्वी एकदा पाहून घ्याव्यात, म्हणून दूरदूरचे लोक विमानाने येतात आणि त्या विमानांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड तापमानवाढीतच भर घालतो. म्हणून पर्यटन बंद करावे काय? शामोनीतील अनेक कुटुंबांची उपजीविका त्यावर आहे. शिवाय सालांच्या पाट्या वाचत पायऱ्या उतरणाऱ्याला जे उमगते, ते आलेख पाहून उमगेलच असे नाही. मात्र किती दूरवरून, कोणत्या वाहनाने आणि किती वेळा जायचे, हे ठरवणे प्रवाशाच्या हाती आहे.

हिमनदी बदलाला सावकाश प्रतिसाद देते. तापमानवाढ आज थांबली, तरी मेर द ग्लास आणखी काही दशके आखडतच राहील, कारण आजवरच्या उष्णतेचा हिशेब पुरा व्हायचा आहे. पण त्यानंतर वरच्या भागात किती बर्फ उरेल, हे आपण यापुढे किती इंधन जाळतो यावर अवलंबून आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या संवर्धनाचे वर्ष म्हणून पाळले आणि २१ मार्च हा हिमनदी दिन ठरवला, तो याच जाणिवेने.

त्या दिवशी वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. बर्फाचे तीन सारखे तुकडे उन्हात ठेवा. एक उघडा ठेवा, दुसऱ्यावर कोळशाची पूड चिमूटभर भुरभुरा, तिसऱ्यावर मातीचा दोन बोटे जाड थर द्या. कोणता आधी वितळतो आणि कोणता शेवटी, याची वेळ नोंदवा. मेर द ग्लासचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला असून करडा दिसतो. या आवरणाने तेथील बर्फ लवकर वितळेल की उशिरा? उत्तर थराच्या जाडीवर कसे अवलंबून आहे, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.