‘कणा’मधले सर

पुराचा तडाखा बसलेला जुना विद्यार्थी सरांना भेटायला येतो, ती कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. आता ती एकदा फक्त सरांकडे लक्ष ठेवून वाचा. सगळं दिसतं त्यांच्याच नजरेतून, पण अख्ख्या कवितेत ते एक शब्द बोलत नाहीत, स्वतःला ‘मी’सुद्धा म्हणत नाहीत. हात खिशाकडे वळतो तो कुणाचा, हे आपणच ओळखायचं! त्या एका हालचालीतून माणूस कळतो: कनवाळू, पण समोरच्याला नेमकं काय हवंय ते न उमगलेला.

गावाचं नाव कवितेत नाही. पण गोदावरीला ‘गंगा’ म्हणणाऱ्या, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, छातीला की गळ्याला पाणी लागलं यावरून पूर मोजणाऱ्या नाशिककराला ते सांगावं लागत नाही. होतं नव्हतं ते नेलेल्या नदीबद्दल तो विद्यार्थी माहेरी आलेल्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलतो. इथे स्थळ नुसतं मागे उभं नाही, ते त्याच्या स्वभावात मुरलंय.

‘पाठीवरती हात ठेवून फक्त लढ म्हणा’ या विद्यार्थ्याच्या मागणीवर कविता थांबते. सरांनी पाठीवर हात ठेवला का? कवी सांगत नाहीत. मला वाटतं, ठेवला. तुम्हाला?